सुनंदाची बोलण्याची परीक्षा

आमच्या सुनंदाचं ऐका की. माझी धाकटी बहीण, राजारामपुरीतल्या दवाखान्यात नर्स हाय. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा दिली, तर बोलण्यात अर्ध्या गुणानं हुकली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा आमचे वडील, आप्पा, वारून आठवडाच झालता. गुण आणखी घसरले.

"काय झालं गं?"

"दादा, परीक्षा घेणाऱ्या बाईंनी घरातल्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं. मी आप्पांचं सांगाय लागले, आणि तोंडात सारखं 'इज'च येतंय. 'वॉज' म्हणायला गेले अन् रडूच फुटलं. पुढं बोलताच आलं न्हाई."

तिसऱ्या खेपेला पास झाली. मी विचारलं, "या वेळी काय विचारलं?"

"कुणामुळं नर्स झालीस म्हणून विचारलं. आप्पांचंच सांगितलं. एकदाबी चुकले न्हाई, दादा. सगळीकडं 'वॉज'च म्हटलं."