मागच्या बाकावरची मान

बसा हो बाई, उभ्या का? — राग? छे, राग कसला! तुम्ही एवढंच तर म्हणालात की सर, उद्यापासून माझ्या तासाला मागे बसू नका. मुख्याध्यापकाच्या तोंडावर, घोटभर पाणीही न पिता. घ्या, आता तरी प्या — ग्लास विसळलाय, मीच विसळलाय. शिपाई कुठे ऐकतो माझं.

आता मला सांगा, मी तिथे करतो काय? काही नाही. पोरांच्या बाकात गुडघे अडकवून बसतो, उठताना बाक माझ्याबरोबर उठतो. पण नाव बघा — पर्यवेक्षण! वरचे साहेब म्हणतात, पर्यवेक्षण म्हणजे शिक्षकाला हात देणं. तुम्ही लोक म्हणता, नाक खुपसणं — म्हणता हो, स्टाफरूमची भिंत पातळ आहे. आणि मी? साहेबांपुढे मान डोलावतो, तुमच्यापुढेही डोलावतो. बायको म्हणते, मी भाजी चिरत असले तरी मागे येऊन उभे राहता नि हं-हं करता. खोड, दुसरं काय!

तर कालचं. तुम्ही विचारलंत, चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? ती दोन वेण्यांची पोरगी उठली, 'दुप्पट' म्हणाली — आणि तुमच्याकडे बघायचं सोडून वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. झालं! सगळा वर्ग ओरडायला लागला — दुप्पट, दुप्पट! तुम्ही बिचाऱ्या एकट्या पडलात. हेडसर हो म्हणतायत म्हटल्यावर बाईंना कोण विचारतंय? डुलकी लागली होती हो मला. दुपारचा तास, पोट भरलेलं... अशा काय बघताय? बरं, नव्हती लागली. टक्क जागा होतो. मला दुप्पटच वाटलं. जन्मभर भाषा शिकवली, गणिताशी आपला छत्तीसचा आकडा. मग तुम्ही खाली बसून फरशीवर खडूने चौरस आखलेत, एकाचे चार झाले, आणि पोरांच्या आधी माझ्याच तोंडून 'अरेच्चा' निघालं. ऐकलंत ना? वाटलंच मला.

खरं आहे तुमचं. पोरं माझ्या मानेकडे बघून उत्तरं देणार असतील तर कठीण आहे. पण बाई, तो बाक गेला तर मला राहतं काय? पत्रं, सह्या, तुंबलेला नळ. तुमच्या तासाला बसलं की वाटतं, मीही शाळेतच कामाला आहे. तेवढ्यासाठी येत होतो. तुमचं तपासणार काय मी, कपाळ?

जाऊ द्या. नाही येणार. शब्द दिला. — घंटा झाली, पळा, पोरं शाळा डोक्यावर घेतील. आज काय घेताय? वर्तुळ? ते तर मला कधीच — बरं बरं, जा तुम्ही. आणि दार ओढू नका. तुमच्या वर्गाचंही उघडंच राहू द्या. इथून ऐकू येतं.