अख्ख्या सोसायटीला पत्ते वाटणारा डबा

मी आणि मनोज बदलापूरला शिरगावात केबलनं इंटरनेट द्यायचो ना, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी अख्ख्या सोसायटीचं नेट गेलं. सगळ्यात जास्त फोन गायकवाड काकांचे. त्यांची मुलगी मस्कतहून वेबकॅमवर नवी नात दाखवणार होती आणि घरात पाहुणे जमले होते.

गेलो. आमची लाइन तर एकदम ओके. मग काय झालं असेल? प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवर आपोआप एक नंबर मिळतो, तो त्याचा पत्ता. हे पत्ते आमचा सर्व्हर द्यायचा. बघतो तर आज दुसरंच कोणीतरी पत्ते वाटत होतं, आणि त्या पत्त्यांवर कोणाचंच नेट चालत नव्हतं!

मनोज म्हणाला, "अरे, ये अपना नया पार्टनर कौन है?"

जिन्यात सगळ्या घरांच्या वायरी जिथे जोडल्या होत्या, त्या स्विचच्या डब्यातून एकेक वायर काढत गेलो. एक वायर काढली आणि बाकीच्यांचं नेट सुरू झालं. ती वायर नेमकी गायकवाड काकांची!

वर त्यांच्या टेबलावर नवा राउटर होता आणि आमची वायर त्याच्या भलत्याच भोकात खुपसलेली. ती योग्य जागी लावली, खाली स्विचमध्येही परत जोडली, तशी नात स्क्रीनवर आली. काकूंना रडूच फुटलं.

नातीला डोळे भरून बघून झाल्यावर काकांनी विचारलं, "झालं काय होतं रे?"

"काका, सकाळपासून सगळ्या सोसायटीला तुमचा राउटर पत्ते देत होता."

"सगळ्यांना? हा एकटा?"

"एकटा."

काका राउटरकडे बघतच राहिले. "आणि काहीच काम करत नाही म्हणून मी ह्याला उद्या दुकानात परत करणार होतो!"