शाळेच्या नावाची वाकडी ओळ

आमचं मूळ गाव हदगाव. बाप लग्नसराईत भांड्यावर नावं घालायचा, घागरीवर नवरीचं नाव, खाली मामाचं, अन् ओळ अशी की दोरी धरून बघा. तोच हात माझ्यात आला. पुढं लातूरला आलो, पितळी पत्रा कापून अक्षरं करू लागलो, अन् काय सांगू तुम्हाला, शिकवणीचे क्लासेस निघाले तशी मला जेवायला फुरसत न्हाई. ह्या सरांचा क्लास, त्या सरांचा क्लास, सगळ्यांच्या दारावर माझी अक्षरं. ओळ सरळ पाहिजे तर ह्याच्याकडं जा, असं बाजारात नाव झालं.

मंग एक दिवस औशाच्या पोरींच्या शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. त्यांची शाळा निजामाच्या वख्ताची, दगडी. भूकंपातही उभीच राहिली, पण दारावरल्या शिळेला तडा गेला अन् नावाची पितळी अक्षरं गळाली, कोणी उचलून नेली मालूम न्हाई. खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. कमिटीवाले म्हणायचे स्टीलचा बोर्ड ठोका, क्लाससारखा चकचकीत. बाई म्हणाल्या, नाव पितळेचंच, अन् दगडाला एकही नवं भोक पाडायचं नाही.

मी ओला कागद शिळेवर थापून भोकांचा ठसा घेतला अन् त्याच्यावर दोरी धरून बघितली. तड्यापलीकडचा दगड बोटभर खाली खचलेला, म्हणजे निम्मं नाव वर, निम्मं खाली. म्हटलं बाई, माझी अब्रू जाईल, दोन-चार भोकं वर पाडू द्या. शाळेच्या गवंड्यानं लोखंडी पट्टी मारून तो तुकडा कसाबसा धरलेला, तो म्हणला ड्रिल लावलं तर खाली येईल. बाई लई शांत. म्हणाल्या, एवढा धक्का बसूनही तो माझ्या पोरींच्या डोक्यावर पडला नाही, तुमच्या ओळीसाठी त्याला पाडू नका. बसवलं तसंच.

नाव लागलं त्या कार्यक्रमाला लातूरचे एक क्लासवाले सर आले. त्यांच्या नव्या इमारतीचं काम मलाच मिळणार व्हतं. वर बघून हसले, म्हणले हे कोण्या आंधळ्यानं बसवलं? मी मान खाली घातली, माझं हाय म्हणायची छाती झाली न्हाई बगा. बाई सरळ त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी बसवायला सांगितलं, दगड खचला तेवढीच ओळ खचलीय, सर. अन् त्यांना चहाला घेऊन गेल्या. असली बाई मी दुसरी पाहिली न्हाई. मागून सरांना कळलंच माझं हाय म्हणून, ते काम तर गेलंच, त्याचं काही न्हाई, पण मी गप बसलो ह्याची लाज अजून वाटती.

बाई मागल्या साली गेल्या, देव त्यांना सुखात ठेवो. आता अक्षरं मशीन कापून राहिली, मी बसूनच असतो. सवड झाली की औशाची एसटी धरतो, शाळेपुढल्या हॉटेलात चहा घेतो. कोणी वर बघून हसलं की उठतो, जवळ जातो, म्हणतो, हाव, मी बसवलंय, अन् बाईंनी सांगितलं तसंच बसवलंय.