आडवी मान

(बल्गेरियातल्या बाल्चिकजवळचं एक गॅरेज. अंगणात जुनी प्रवासी बस, तिच्यासमोर लिलावाला जमलेला गाव.)

झ्लात्का : काका, त्या सूर्यफुलाच्या बिया फोडणं बंद करा हो! इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

नेद्याल्को : बिया बंद केल्या तर शिव्या सुरू होतील माझ्या. तो बघ स्टामेन, कसा कुंपणाला टेकून उभा आहे. जशी काही बस तिऱ्हाइताचीच!

झ्लात्का : नवं इंजिन घालून घेतलं, आणि बिल मागितलं तर म्हणे हंगाम संपल्यावर देतो. दोन हंगाम संपले, बस इथेच अडकून. त्या इंजिनासाठी मी गॅरेज गहाण टाकलं, काका. आज धड बोली लागली नाही, तर सोमवारी पतपेढीवाले कुलूप ठोकतील.

नेद्याल्को : आणि बोली लावणार कोण? अर्धा गाव त्याच्या हॉटेलात कामाला.

बेलिफबाई : शांतता! पुन्हा सांगते. दुरुस्तीचे पैसे न दिल्यामुळे कोर्टाच्या हुकमानं या बसचा लिलाव होतोय. बसमालकाला बोली लावता येणार नाही, दुसऱ्याकरवीही नाही. सुरुवात भंगाराच्या भावापासून, दोन हजार लेव्हा. आहे कोणी? हां, दाढीवाले, तुमचा हात दिसला. काय, घसा बसलाय? बरं, बोलू नका. मान हलवलीत तरी चालेल.

झ्लात्का : हा कोण हो?

नेद्याल्को : ओळखलं नाहीस? स्टामेनच्या बहिणीचा मुलगा. म्युनिकला जन्मला, तिथेच वाढला. घसा कसला बसतोय! आपलं बोलणं कळतं त्याला, पण तोंड उघडलं की जर्मन बाहेर पडेल आणि बिंग फुटेल, म्हणून मामानं मफलर गुंडाळून पाठवलाय.

झ्लात्का : म्हणजे बस भंगाराच्या भावात परत त्याच्याच घरात, आणि माझं इंजिन फुकट? थांबा, आत्ता ओरडून सांगते!

नेद्याल्को : पुरावा काय तुझ्याकडे? गप्प बस. मागून कोणीतरी बोललं बघ.

बेलिफबाई : व्हेल्को मधवाले, तीन हजार.

झ्लात्का : मधवाले?

नेद्याल्को : शेजारच्या तालुक्यातला आहे. बसमध्ये मधमाश्यांच्या पेट्या मांडणार आणि फुलोऱ्यामागे हिंडणार. त्याला स्टामेनची कसली भीती? माश्या काय हॉटेलात कामाला आहेत?

बेलिफबाई : दाढीवाले, हात वर. चार. मधवाले पाच. दाढीवाले, वाढवता?

नेद्याल्को : थांबला बघ. पाचाच्या वर जायचं नाही असं मामानं बजावलेलं दिसतंय.

झ्लात्का : पाचात काय होतंय, काका? पतपेढीचं व्याज सुटेल फार तर. संपलं सगळं.

बेलिफबाई : मान हलली, दिसलं मला. सहा हजार. मधवाले सात. दाढीवाले? हो. आठ.

झ्लात्का : अगंबाई! हा तर हो हो म्हणत सुटलाय!

नेद्याल्को : अगं वेडे, तो नाही म्हणतोय!

झ्लात्का : डोळे फुटले का तुमचे? मान चांगली आडवी हलतेय की! आडवी म्हणजे हो.

नेद्याल्को : ते आपल्याकडे. तिकडे सगळं उलटं. आडवी म्हणजे नाही आणि उभी म्हणजे हो. मी तिकडे विटा रचल्यात, मला विचार. मुकादम म्हणाला, दमलास का? मी आपली उभी मान हलवून नाही म्हटलं, तर त्यानं मला घरी पाठवून दिलं! सांगू का बेलिफबाईंना?

झ्लात्का : एक शब्द काढलात तर बिया टरफलांसकट भरवीन तुम्हाला.

नेद्याल्को : पण त्या पोराचं काय गं?

झ्लात्का : पैसे पोराचे कुठे आहेत? मामाचे आहेत. मामाकडे बघा, टोमॅटोसारखा लाल झालाय.

बेलिफबाई : मधवाले, अकरा. दाढीवाले? जरा हळू, मान मोडेल! बारा. मधवाले, थांबलात? बरं. बारा हजार एक वार. दाढीवाले, तुमचा चेहरा बरा दिसत नाही. बोली मागे घ्यायचीय का?

नेद्याल्को : अरे देवा, आता उभी हलवली!

बेलिफबाई : नाही म्हणता. ठीक आहे. बारा हजार दोन वार. कोण ओरडलं ते कुंपणापाशी, त्याला बस नकोय म्हणून? स्टामेनसाहेब, याच्या मनात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं? तुमचा कोण लागतो हा?

झ्लात्का : हां, सांगा की, स्टामेनसाहेब! गावाला ऐकू दे. भाचा आहे म्हणा, बोली आत्ता रद्द होईल. मग कोर्टाला फसवल्याची केस तेवढी अंगावर घ्या. बोला ना! दोन वर्षं मला थापा ऐकवत होतात, आज काय झालं?

नेद्याल्को : बोलतोय कसला! हात झटकतोय बघ.

बेलिफबाई : कोणी लागत नाही म्हणता? सगळ्यांनी ऐकलं. बारा हजार तीन वार. बस विकली! दाढीवाले, पैसे इथल्या इथे भरायचे, नाहीतर तुमच्यावर जप्ती येईल.

नेद्याल्को : मामानं डोळ्यांनीच भर म्हणून सांगितलं बघ. भरतोय, फोनवरून भरतोय! झ्लात्का, विकली गं! आणि टाळ्या कोण वाजवतंय पाहिलंस का? त्याच्याच हॉटेलातल्या बायका!

झ्लात्का : वाजवू देत. मनसोक्त वाजवू देत.

बेलिफबाई : पैसे आले. झ्लात्काबाई, तुमचं बिल, जागेचं भाडं आणि माझी फी वजा करून उरलेली रक्कम बसमालकाला परत जाईल. कायदाच आहे तसा.

नेद्याल्को : म्हणजे मामाचे पैसे पुन्हा मामाच्याच खिशात? हे काय झालं?

झ्लात्का : जाऊ देत हो. मला माझंच हवं होतं, त्याचा एक लेव्हाही नको. गॅरेज राहिलं, काका! माझं गॅरेज राहिलं!

नेद्याल्को : अगं, मग रडतेस काय? हस की, खुळे!

बेलिफबाई : बस आजच हलवायला हवी. दोन वर्षं उभी आहे, तेव्हा ट्रक बोलावून ओढून न्यावी लागेल ना?

झ्लात्का : ओढायची कशाला? ही घे चावी, पोरा. दर रविवारी सुरू करून ठेवत होते मी. पहिल्या झटक्यात चालू होईल. इंजिन माझ्या हातचं आहे.