बोटीवर जाताना केलेल्या सह्या

रत्नागिरीतल्या दवाखान्यात कल्पना सोनोग्राफीसाठी नंबर लावून बसली होती. समोर खिडकीशी एक सासू आपल्या सुनेला घेऊन उभी होती, आणि तिचा आवाज पार दारापर्यंत पोचत होता.

"सिस्टर, गर्भपाताच्या फॉर्मवर नवऱ्याची सही हवी ना? आमचा हर्षद बोटीवर आहे. पण जाताना सहा कोऱ्या कागदांवर सह्या करून गेलाय, गॅसला, विजेला लागतात म्हणून. यातला एक घ्या."

"मावशी, ते कागद ठेवा. नवऱ्याची सही लागत नाही."

"असं कसं? मूल त्याचंही आहे."

"आहे की. पण कायद्याने हिची एकटीची सही पुरते."

"आई, मी कधीपासून तेच सांगत्येय."

"तू थांब गो. सिस्टर, हा कायदा कधी आला?"

"पन्नास वर्षं होऊन गेली."

"मग मला का परत पाठवलं? आमचे हेही तेव्हा बोटीवर होते. सही आणा म्हणाले. सही येईस्तोवर दिवस भरत आले."

"मग?"

"मग काय, मुलगा झाला."

"कुठला मुलगा?"

"मला एकच आहे. हर्षद."

कल्पनाचा नंबर पुकारला, तरी ती जागची हलली नाही.

"बघत काय राहिलात सिस्टर? पेन द्या हिला."