काठोकाठ पियाला

बिश्केकच्या छोट्या थिएटरात जुन्या टीव्ही-जाहिराती कापून-जोडून केलेली फिल्म संपली. कोट घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे ती फिल्म करणारी बेगिमाय होती आणि तिला गाठलेली एक म्हातारी आपा. मी कान टवकारलेच!

“चहाच्या जाहिरातीतला तो माझा नवरा. जाऊन नऊ वर्षं झाली. चाळीसदा दाखवलास, लोक हसले. काढ त्याला!”

“काढते, आपा. पण ओठ हलतात नि वर नुसतं गाणं वाजतं. काय म्हणत होते ते?”

“चहा मीच ओतला. कॅमेऱ्यासाठी पियाला काठोकाठ भरायला लावला मला.”

“काठोकाठ! म्हणजे आपल्या रीतीनं पाहुण्याला ‘निघा आता’ म्हटल्यासारखंच की!”

“तेच म्हणाला. ‘हाकलतेस होय गं?’”

“बरं, उद्याच कापते तो तुकडा.”

“कापशील तर बघ! चाळीसदा हाकललं, तरी उठला का? बसू दे.”