चव्वेचाळीसाव्या वर्षाची सायकल

...आन् वरून स्टँड नाई म्हने! तुमाले सांगतो, एवढी महागाची सायकल, आन् तिले उभी कराले भिंत पायजे! कॅरियर नाई, घंटी नाई, मडगार्ड नाई... मंग हाये काय? हँडल! तेही मेंढ्याच्या शिंगावानी खाली वाकलेलं! पन आमच्या शाळेतल्या मनोज मास्तरले तेच पायजे होतं. काहून? आता हसू नका बरं.

त्याचा बाप उत्तमराव चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला, वांग्याच्या वावरात मोटर चालू करता करता, छातीत कळ येऊन. मोठा भाऊ, चांगला धडधाकट मानूस, तोही चव्वेचाळीसाव्याच वर्षी, चहा पिता पिता! कप हातातच! आन् यंदा मनोजले चव्वेचाळीसावं लागलं. माय माणिकबाई त्याले शाळेत जाताना अशी पाहे, की आता हा वापस येत नाई. डॉक्टर म्हने, "सर, दिल एकदम तंदुरुस्त, फक्त पोट कमी करा." पन मायले डॉक्टरचं काय? तिनं दोन उचललेले पाह्यले होते ना बाप्पा!

मनोज म्हने, मायच्या डोयासमोर पोहून, सायकल हानून, पयून दाखोतो! अकोल्याले ट्रायथलॉन होतं, तिन्ही एका दमात. हौस नाई हो... त्याले फक्त चव्वेचाळीसावं वलांडाचं होतं!

मंग सायकल कशी पायजे? रोज अमरावतीहून बडनेऱ्याले शाळेत नेनारी, आन् अकोल्यात शर्यतीत पयनारी. एकच! दुकानातला शुभम म्हने, "सर, दोन घ्या." "एकच!" "मंग रोड बाईक घ्या, शर्यतीचीच सायकल, पन तिले कॅरियर लावसान त माह्या दुकानाचं नाव सांगू नका!" त्यानं पायाचं माप घेतलं, हाताचं घेतलं, जसा नवरदेवाचा सूट शिवून राहिला! घरी आनली त शेजारचे महादेवराव फाटकातच उभे. "काहून सर, गाडी इकली का? काई अडचन?" माय म्हने, "डबा कुठं ठेवशीन?" "पाठीवर, माय." "आन् मांगून ट्रक आला त?" त्याले फक्त चव्वेचाळीसावं वलांडाचं होतं!

शर्यतीले बारा दिवस राह्यले, तवा माय म्हने, "गाडीची पूजा झाली नाई!" हळद-कुंकू झालं, नारळ झाला, आन् पुढच्या चाकाखाली लिंबू. ट्रॅक्टरले ठेवतो तसं, चांगलं मोठं, रसाचं! अहो, ट्रॅक्टरचं चाक कुठं, आन् हे बोटाएवढं टायर कुठं! वरून याचे शर्यतीचे बूट पायडलात खटक्यानं अडकवलेले, टाच मुरडल्याबिगर न निंघनारे. मायनं म्हटलं, "हान!" यानं हानली. लिंबू सटकलं, चाक सटकलं, बूट काई निंघेना... मास्तर सायकलीसकट आडवा! खांद्याचं हाड दोन जागी मोडलं.

मायनं जो हंबरडा फोडला, अख्खी गल्ली जमा झाली. बायाईनं त डोक्यावर पदरही घेतले! हा खालून वरडून राहिला, "जित्ता हावो मी, जित्ता हावो!" आयकते कोन?

शर्यत गेली. ज्या दिवशी अकोल्यात लोकं पोहून राह्यले, त्या दिवशी हा गळ्यात हात बांधून शिरा खाऊन राहिला. लय रडला त्या दिवशी. मले म्हने, "मायले काईच दाखोता आलं नाई यार." त्याले फक्त चव्वेचाळीसावं वलांडाचं होतं!

दुसऱ्या दिवशी माणिकबाईनं मिस्त्री बोलावला. बैठकीच्या भिंतीवर बापाचा फोटो, त्याच्या बाजूले भावाचा, आन् त्याच्या बाजूले जागा रिकामी. तिथं खुट्या ठोकल्या, सायकल टांगली, वरून हार घातला.

"माय, हे काय करून राह्यली?"

माय म्हने, "हे जागा मले रोज दिसे रे. आता भरली. तू राह्य."

मनोज आजकाल शाळेत ऑटोनं येते. निंघताना बापाले नमस्कार करते, भावाले करते, आन् मायनं डोये वटारले की सायकलीलेही करते.